लाळ एकाची, माहिती घराण्याची

‘माझाच डीएनए मी माझ्या पैशाने तपासून घेतला, तर त्यात दुसऱ्या कुणाचं काय जातं?’

जनुकीय चाचण्यांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो बिनतोड वाटतो. अमेरिकेतला भाचा भेट म्हणून किट पाठवतो, किंवा इथल्याच एखाद्या कंपनीची जाहिरात मोबाइलवर दिसते. तुमचे पूर्वज कुठले, कुठल्या आजाराचा धोका, कुठला आहार मानवेल, असं सगळं घरबसल्या कळणार असतं. डॉक्टरची चिठ्ठी नको, सुई नको. पैसे आपले, लाळ आपली. मग परवानगी कुणाची घ्यायची?

या प्रकरणाचं म्हणणं असं, की हा प्रश्नच एका चुकीच्या गृहीतावर उभा आहे. ते गृहीत म्हणजे डीएनए ही एकट्याची चीज आहे.

१. खोक्यात काय येतं

लहानशा खोक्यात प्लास्टिकची एक नळी असते. किती भरायचं त्याची रेघ नळीवर आखलेली असते. आधी अर्धा तास खायचं-प्यायचं नाही, चूळही भरायची नाही, मग रेघेपर्यंत लाळ सोडायची. वरचा फेस मोजायचा नाही. झाकण लावलं की त्यातला द्रव लाळेत उतरतो. त्याने डीएनए खराब न होता प्रयोगशाळेपर्यंत टिकतो. नळीवर नाव नसतं, बारकोड असतो. तो बारकोड संकेतस्थळावरच्या आपल्या खात्याला जोडायचा आणि खोकं कुरिअरने परत पाठवायचं.

पुढे प्रयोगशाळेत काय होतं? आपल्या पेशीतल्या डीएनएची एक प्रत म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरं. घरपोच चाचणी ती सगळी वाचते असा अनेकांचा समज असतो. बहुतेक चाचण्या तसं करत नाहीत. माणसामाणसांत जिथे फरक असतो अशा ठरावीक जागांची एक चिप असते, आणि ती साधारण सहा-सात लाख जागा तपासते. ३०० कोटींना ६ लाखांनी भागून पाहा. पाच हजार अक्षरांतलं एक अक्षर वाचलं जातं आणि बाकीची तशीच राहतात. हा आकडा लक्षात ठेवा, चौथ्या भागात तो उपयोगी पडेल.

लाळ पाठवण्याआधी संकेतस्थळावर संमतीच्या खुणा करायच्या असतात. चाचणी करायला एक संमती, आणि आपली माहिती संशोधनासाठी वापरू द्यायला वेगळी. या धंद्यातल्या सर्वांत गाजलेल्या, कॅलिफोर्नियातल्या ‘ट्वेंटीथ्रीअँडमी’ कंपनीच्या सुमारे ८० टक्के ग्राहकांनी ही दुसरी खूणही केली होती. अनेकांनी ती मनापासून केली असणार. आपल्या माहितीतून कुणाच्या आजारावर औषध निघावं, ही इच्छा चांगलीच आहे. अडचण इच्छेत नाही. अडचण अशी, की सही एकाची होती आणि माहिती अनेकांची.

२. सामाईक खातं

शाळेत शिकलेलं थोडं आठवू या. मुलाला निम्मा डीएनए आईकडून येतो, निम्मा वडिलांकडून. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा डीएनए सारखा असतो. काका, आत्या, मामा, मावशी यांच्याशी चौथा हिस्सा. चुलत, आते, मामे, मावस भावंडांशी आठवा हिस्सा, म्हणजे साडेबारा टक्के. पणजोबा-पणजी एक असलेल्या भावंडांशी सुमारे तीन टक्के, आणि खापरपणजोबा-खापरपणजी एक असतील तर एक टक्क्याहूनही थोडा कमी.

एक टक्का फारच कमी वाटतो, पण नातं ओळखायला तो बऱ्याचदा पुरतो. कारण वारशाने येणारा डीएनए एकेक सुटं अक्षर होऊन येत नाही, लांबलांब सलग तुकड्यांनी येतो. लाखो अक्षरांचा तोच तुकडा दोन अनोळखी माणसांत सापडला तर ते योगायोगाने घडणं अवघड असतं.

सामाईक सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतात तेव्हा त्यातल्या एकाला सगळी जमीन परस्पर विकता येत नाही. इतरांचा हिस्सा कागदावर दिसतो आणि कायदा तो जपतो. डीएनए असाच सामाईक आहे. फरक इतकाच, की इथे इतरांची नावं कुठेच लागलेली नाहीत, आणि कंपनीच्या दप्तरी खातेदार एकटाच असतो.

ही सामायिकी किती दूरवर पोचते, ते २०१८ साली जगाला कळलं. कॅलिफोर्नियात १९७० आणि ८०च्या दशकांत एका माणसाने १३ खून आणि कित्येक बलात्कार केले होते. पोलिसांकडे त्याचा डीएनए होता, माणूस सापडत नव्हता. शेवटी तपास अधिकाऱ्यांनी तो डीएनए ‘जेडमॅच’ या संकेतस्थळावर टाकला. हौशी मंडळी आपले हरवलेले नातेवाईक शोधायला हे संकेतस्थळ वापरत. गुन्हेगार तिथे नव्हता, पण त्याचे काही दूरचे नातेवाईक होते. त्यांच्यावरून वंशवृक्ष मांडत, वय आणि ठिकाण जुळवत तपास जोसेफ डिअँजेलो या ७२ वर्षांच्या माजी पोलिसापर्यंत पोचला. एप्रिल २०१८ मध्ये त्याला अटक झाली, आणि २०२० मध्ये त्याने गुन्हे कबूल केल्यावर जन्मठेप झाली.

असा नराधम पकडला गेला याचं समाधान मलाही आहे. तरी एक गोष्ट नजरेआड करू नये. ज्या नातेवाइकांमुळे तो सापडला, त्यांनी पोलिसांच्या कामासाठी डीएनए दिला नव्हता. आणि त्याच धाग्यांनी निरपराध माणूसही सापडू शकतो. त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. सुमारे १३ लाख लोकांच्या एका साठ्यावरून संशोधकांनी दाखवलं, की युरोपीय वंशाच्या अमेरिकनांपैकी सुमारे ६० टक्के लोकांचा खापरपणजोबाच्या नात्यातला किंवा त्याहून जवळचा कुणीतरी अशा साठ्यात सापडतो. या ६० टक्क्यांतल्या बहुतेकांनी स्वतः कधी नळीत लाळ टाकलेली नसते. २०१९ मध्ये ‘जेडमॅच’ने नियम बदलला: पोलिसांच्या शोधात आपली माहिती दिसावी अशी स्पष्ट परवानगी देणाऱ्यांचीच माहिती दाखवायची. पण ही परवानगीही पुन्हा एकेका खातेदाराचीच.

३. आइसलंडच्या मुलीचा दावा

हा पेच कायद्यापुढे सर्वांत स्वच्छ मांडला गेला तो आइसलंडमध्ये, तेही घरपोच किटांचा बाजार फोफावण्याआधी. म्हणून या देशापाशी जरा थांबायला हवं.

आइसलंड हा त्या काळी तीन लाखांहून कमी वस्तीचा देश. वंशावळ्या शतकानुशतकं लिहून ठेवलेल्या. आनुवंशिकतेच्या अभ्यासाला यापेक्षा सोयीची जागा नाही. हे ओळखून कारी स्टेफान्सन यांनी १९९६ मध्ये ‘डीकोड जेनेटिक्स’ ही कंपनी काढली. १९९८ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या संसदेने कायदा केला: साऱ्या देशाच्या आरोग्य नोंदी एका साठ्यात आणायच्या आणि तो साठा चालवायचा परवाना खासगी कंपनीला द्यायचा. संमती गृहीत धरलेली होती. ज्याला नको असेल त्याने तसं कळवायचं.

एका मुलीने कळवलं, पण स्वतःसाठी नाही. तिचे वडील वारले होते आणि त्यांच्या नोंदी साठ्यात जाऊ नयेत अशी तिची मागणी होती. अधिकाऱ्यांनी ती फेटाळली. गेलेल्या माणसाच्या वतीने नकार देण्याची कायद्यात सोय नव्हती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये निकाल मुलीच्या बाजूने लागला. न्यायालयाने वडिलांच्या हक्काची वाट धरली नाही. वडिलांच्या आनुवंशिक माहितीवरून मुलीबद्दल अनुमान काढता येतं, म्हणून नकार देण्याचा हक्क तिचा स्वतःचा आहे, असं न्यायालयाने मानलं. तो राष्ट्रीय साठा पुढे कधी उभाच राहिला नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही. नातेवाइकाचा डीएनए ही माझीही माहिती आहे, हे एका देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच मान्य केलं. आज रोज कुरिअरने जाणाऱ्या नळ्यांमागे मात्र ही समज कुठेच दिसत नाही.

आइसलंडची गोष्ट इथे संपत नाही. ‘डीकोड’ने स्वयंसेवकांच्या संमतीने संशोधन चालू ठेवलं. ठरावीक लोकांचा डीएनए पूर्ण वाचला आणि वंशावळीच्या आधाराने इतरांचा अंदाज बांधला. तिथे बीआरसीए-२ या जनुकातला एक विशिष्ट बदल शंभरात जवळपास एकाला असतो, आणि तो असलेल्या स्त्रियांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. आता कंपनीला अशा लोकांची नावं काढता येत होती. त्यांना सांगायचं की नाही? स्टेफान्सन म्हणत, जीव वाचवू शकणारी माहिती दडवणं हाच गुन्हा आहे. विरोधकांचं म्हणणं, न जाणण्याचाही माणसाला हक्क आहे. अनेक वर्षांच्या वादानंतर २०१८ मध्ये संकेतस्थळ उघडलं, आणि ज्याला हवं त्याने आपणहून विचारावं असं ठरलं. माझ्या मते हा तोडगा शहाणपणाचा आहे. दार उघडं ठेवलं, पण कुणालाही ढकलून आत नेलं नाही.

४. अहवालातला आकडा कसा वाचायचा

आता अहवाल हातात आला असं समजू. त्यात लिहिलंय: ‘तुमचा धोका दुप्पट.’ वाचून पोटात गोळा येतो. पण दुप्पट कशाच्या? समजा एखादा आजार हजारात १० जणांना होतो. दुप्पट म्हणजे हजारात २०. उरलेल्या ९८० जणांना तो होत नाही. मूळ धोका किती ते न सांगता ‘दुप्पट’ म्हणणाऱ्या अहवालाने काहीच सांगितलेलं नसतं.

दुसरी गोष्ट चुकीच्या इशाऱ्यांची. समजा एक घातक बदल लाखात फक्त १० जणांत आहे, आणि यंत्र हजारात एकदाच चुकतं. लाख लोक तपासले, तर खरे १० सापडतील आणि चुकून बोट दाखवले गेलेले सुमारे १०० असतील. म्हणजे ज्या ११० जणांना ‘तुमच्यात दोष आहे’ असं कळलं, त्यांतल्या शंभरांची झोप उगाच उडाली. बदल जितका दुर्मीळ, तितकं हे गणित बिघडतं. हे कागदावरचंच नाही. ब्रिटनमधल्या सुमारे ५० हजार लोकांवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. बीआरसीए जनुकांतले अतिदुर्मीळ घातक बदल चिपने दाखवले, त्यांतले पूर्ण वाचनानंतर खरे निघाले ते शंभरात जेमतेम चार. स्तनाचा कर्करोग टाळायला काही स्त्रिया शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात. तो निर्णय अशा कागदावर घेतला जाऊ नये.

उलटी चूकही तितकीच वाईट. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘ट्वेंटीथ्रीअँडमी’ला बीआरसीएचे तीन बदल तपासून थेट ग्राहकाला सांगायची परवानगी दिली. हे तिन्ही बदल मुख्यतः पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यू वंशात आढळतात. या जनुकांतले ज्ञात बदल हजाराहून जास्त आहेत. अहवालात ‘आढळले नाही’ असं वाचून सोलापूरच्या बाईने निर्धास्त व्हावं असं त्यात काहीही नाही. पाच हजारांतलं एक अक्षर वाचल्याचा अर्थ हा. त्याच प्रशासनाने २०१३ मध्ये या कंपनीच्या आरोग्यविषयक अहवालांची विक्री थांबवायला लावली होती, त्यामागेही हीच काळजी होती: लोक अर्धवट माहितीवर औषधं बदलतील किंवा शस्त्रक्रिया करून घेतील.

म्हणून नियम साधा आहे. घरपोच चाचणीत काही गंभीर दिसलं तर वैद्यकीय प्रयोगशाळेत ते पुन्हा तपासायचं आणि जनुकीय समुपदेशकाशी बोलायचं. काही दिसलं नाही, पण घरात आजाराचा इतिहास असेल, तरीही हेच करायचं.

५. कंपनीच बुडाली तर?

‘ट्वेंटीथ्रीअँडमी’ची स्थापना २००६ ची. पहिलं किट २००७ मध्ये ९९९ डॉलरना मिळायचं, २०१२ अखेरीस ते ९९ डॉलरवर आलं. ग्राहक दीड कोटीपर्यंत गेले. पण चाचणी आयुष्यात एकदाच करायची असते, तोच ग्राहक परत येत नाही. कंपनीची खरी कमाई साठ्यातून व्हायची होती. २०१८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने त्यासाठी ३० कोटी डॉलर गुंतवले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये चोरी उघडकीस आली. इतर संकेतस्थळांवरून फुटलेले पासवर्ड वापरून चोर सुमारे १४ हजार खात्यांत शिरले होते. पण कंपनीची नातेवाईक शोधायची सोय होती, तिच्यातून त्यांच्या हाती ६९ लाख लोकांची माहिती लागली. भागाकार करून पाहा: एका खात्यामागे जवळपास पाचशे माणसं. ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या वेगळ्या याद्या करून त्या विकायला काढल्या गेल्या. पासवर्ड बदलता येतो, वंश बदलता येत नाही.

मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलने लोकांना सांगितलं, आपली माहिती आणि नमुने नष्ट करायला कंपनीला कळवा. सुमारे १९ लाख लोकांनी तसं केलं. शेवटी सहसंस्थापक ॲन वॉजसिकी यांच्याच नव्या ना-नफा संस्थेने ३०.५ कोटी डॉलरना ती विकत घेतली. म्हणजे दर ग्राहकामागे २० डॉलर. ही सगळ्या धंद्याची किंमत होती, आणि त्या धंद्यात मोलाची वस्तू म्हणजे तो साठा. गोष्ट बरी संपली, असं म्हणता येईल. पण ती बरी संपावी अशी कुठलीही अट नळी पाठवताना कुणी घातलेली नव्हती. ‘डीकोड’सुद्धा २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली होती आणि २०१२ मध्ये अमेरिकी औषध कंपनी ॲमजेनच्या ताब्यात आली, तेव्हाच हा धडा घेता आला असता.

भारतात काय? इथला वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे. त्यात जनुकीय माहितीला वेगळा, अधिक कडक दर्जा दिलेला नाही. शिवाय कलम १७ प्रमाणे न्यायालय किंवा न्यायाधिकरणाने मान्य केलेल्या विलीनीकरणासाठी किंवा धंद्याच्या हस्तांतरणासाठी लागणाऱ्या वापराला संमतीच्या बहुतेक अटींतून सूट आहे. माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी तेवढी कायम राहते. पत्ता आणि फोन नंबरसाठी ही सूट चालेल. डीएनएसाठी ती चालू नये, आणि ही दुरुस्ती संसदेने करावी असं मला ठामपणे वाटतं.

६. हा वाद आपल्याला नवा नाही

‘पैसे माझे, शरीर माझं, मला माहिती हवी, तुम्ही कोण अडवणारे?’ हा युक्तिवाद महाराष्ट्राने चाळीस वर्षांपूर्वी ऐकला आहे. गर्भजल तपासणी आली ती गर्भातले आनुवंशिक दोष ओळखायला. मुंबईत बघता बघता तिचा धंदा झाला, गर्भलिंग सांगण्याचा. डॉक्टर सेवा विकत होते, कुटुंबं राजीखुशीने विकत घेत होती, दोघांचीही तक्रार नव्हती. स्त्री संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी मुंबईत मंच उभारून हे लावून धरलं, आणि १९८८ मध्ये या चाचणीला आळा घालणारा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य ठरलं. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. तो नीट राबवला जात नाही म्हणून पुण्याच्या ‘मासूम’ आणि मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थांना डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. विकणारा आणि घेणारा दोघेही राजी असले, तरी ज्याच्यावर परिणाम होतो तो तिसरा माणूस व्यवहारात असतो, हे तत्त्व आपण तेव्हा कायद्यात आणलं.

आजच्या चाचण्यांतला तिसरा माणूस कोण, ते विदर्भात किंवा नंदुरबारमध्ये विचारा. तिथल्या अनेक आदिवासी आणि दलित कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्याचा दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेला माणूस वाहक असतो, आणि वाहक म्हणजे रोगी नव्हे. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी असण्याची शक्यता चारात एक असते. एवढीच गोष्ट लग्नाआधी नीट समजली तर उपयोगाची आहे. न समजावता नुसता कागद हातात दिला, तर मुलीचं स्थळ मोडायला तो पुरतो. आणि बोट फक्त तिच्याकडे दाखवलं जात नाही, पाठच्या बहिणींकडेही वळतं.

विम्याचंही तेच. आजार ‘आनुवंशिक’ आहे म्हणून दावा फेटाळण्याचं सरसकट कलम दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये भेदभावाचं ठरवलं, आणि पुढच्याच महिन्यात विमा नियामकाने कंपन्यांना त्या आधारावर दावे न नाकारायला सांगितलं. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्य विमा आणि नोकरीपुरता जनुकीय भेदभाव बंद आहे, आयुर्विमा मात्र त्यातून सुटला आहे. आपल्या संसदेने असा कायदा अजून केलेला नाही.

तेव्हा किट मागवायचंच असेल तर आधी घरी बोला. आई-वडील आणि भावंडांना सांगा की यातून त्यांच्याबद्दलही काही कळू शकतं: आजाराबद्दल, किंवा नात्याबद्दलही. ज्याला ऐकायचं नाही त्याला अहवाल ऐकवू नका. कंपनीला लेखी विचारा: नमुना किती दिवस ठेवता, कुणाला देता, कंपनी विकली गेली तर काय, आणि मी सांगितल्यावर सगळं पुसाल का. संशोधनात एकदा वापरली गेलेली माहिती परत घेता येत नाही, म्हणून त्या दुसऱ्या खुणेपाशी थांबून विचार करा. नातेवाईक शोधायची सोय गरज नसेल तर बंद ठेवा.

आणि लहान मुलांची लाळ पाठवू नका. डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी चाचणी सांगितली असेल तर ती अवश्य करा. पण मुलाचा कल, खेळातली गती, बुद्धी डीएनएवरून सांगतो म्हणणाऱ्या चाचण्यांना भरवशाचा आधार नाही. क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्येच संयुक्त निवेदन काढून खेळाडू हेरायला या चाचण्या वापरू नयेत असं सांगितलं आहे. साठाव्या वर्षी होऊ शकणाऱ्या आजाराची माहिती सहाव्या वर्षी काढून ठेवायचा अधिकार आई-वडिलांना नाही. ते मूल मोठं होऊन स्वतः ठरवेल.